वाळवंटातला ऑक्टोबर

आमच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारे सहकारी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्याचे आहेत. समाजाने मेघवाल. मुंबईत त्यांची हयात चालली आहे, पण दर दिवाळीला ते गावी जातात म्हणजे जातातच. परत आले की आमचा प्रश्न ठरलेला, "काय भाऊ, यंदा पाऊसपाणी कसे?" आणि त्यांचे उत्तरही ठरलेले, "पाऊस गेला. आता हिशेब चालू आहे." आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि वीस वर्षे खतावणीच्या कामात मुरलेले, तरी हा हिशेब कसला ते आम्हांला कधी उमगले नाही. २०२४ च्या दिवाळीत ते म्हणाले, "या वेळी चलाच. मुलांना सुट्टी आहे, तुमची प्रवास सवलतही शिल्लक आहे." म्हणून आम्ही दोघे आणि दोन मुले असे चौघे जण २६ ऑक्टोबरला वांद्र्याहून निघालो.

निघताना त्यांनी बजावले होते, रात्रीसाठी पांघरूण घ्या. घामाने निथळत बॅगा भरताना आमच्या घरच्या मंडळींना त्याचे हसू आले. आपल्याकडे पाऊस सरला की आश्विनातले ऊन चटके देते, 'ऑक्टोबर हीट' म्हणून आपण दोन आठवडे कुरकुरतो आणि मग थंडी पडते. वाळवंटातही असेच, फक्त थोडे जास्त, अशी आमची समजूत होती. मुलाने मोबाईलवर दहा दिवसांचे हवामान काढून दाखवले. दहाही दिवशी एकच चित्र, पिवळा सूर्य. "बाबा, हे पाहण्यात काय अर्थ आहे? रोज तेच." आम्हांलाही त्या वेळी ते पटले.

जोधपूरला उतरून बाडमेरची गाडी धरली. लुणी, समदडी, बालोतरा अशी स्टेशने मागे पडत गेली आणि जमिनीचा रंग फिका होत गेला. दुपारी डब्यात पारा सदतीसच्या पुढे असावा. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावता येत नव्हता. बायतूच्या पुढे कवास नावाचे लहानसे स्टेशन लागते. तिथे आमचे सहकारी उठून दाराशी गेले आणि बाहेर बोट दाखवून म्हणाले, "इथे नावा चालल्या होत्या."

आम्हांला वाटले, थट्टा करतात. पण ती थट्टा नव्हती. बाडमेरला वर्षभरात सरासरी पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे बाडमेरचा तीन वर्षांहून अधिक पाऊस. त्याच बाडमेरमध्ये ऑगस्ट २००६ मध्ये तीन-चार दिवसांत वर्षाच्या दुप्पट पाऊस कोसळला. कवास आणि आसपासची गावे बुडाली, शंभराच्या आसपास माणसे दगावली. वाळूत पाणी झटकन मुरते असे आपण समजतो. कवासला वाळूच्या खाली जिप्समचा, म्हणजे खडीचा थर आहे. पाणी त्याच्या खाली उतरेना. पाऊस थांबून आकाश निरभ्र झाले, शरद सरला, हिवाळा आला, तरी गावात पाणी तसेच उभे होते. गंमत अशी की, वाळवंटात कित्येक ठिकाणी अशाच थराच्या जिवावर लोक जगत आले. थरावर अडून राहिलेला वाळूतला ओलावा झिरपून अरुंद विहिरींत गोळा होतो आणि तो गोड असतो. त्याच्या खालचे पाणी मात्र खारट असते. अशा विहिरीला तिकडे बेरी म्हणतात.

बाडमेरहून शिवच्या बाजूला चाळीसेक किलोमीटरवर त्यांची ढाणी आहे. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. सातआठ घरे, काटेरी कुंपणे, मधे खेजडीची झाडे. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. म्हातारबांनी दोन्ही हात जोडून "राम राम सा" केले आणि उघड्यावर मांडलेल्या खाटांवर आम्हांला बसवले. वाळू अजून तापलेली होती. पण जेवणे होईतो, दीड-दोन तासांत, तीच वाळू पायांना गार लागू लागली. पहाटे चारला आम्ही सर्वांनी चादरी गळ्यापर्यंत ओढल्या होत्या. सकाळी आम्ही थंडीचे कौतुक करू लागलो तर म्हातारबा नापसंतीने म्हणाले, "ही कसली थंडी? या दिवसांत गोधडी निघते. यंदा रात्र तापलेलीच आहे." पुढे मुंबईस परतल्यावर वर्तमानपत्रात वाचले की, १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर २०२४ चा होता. म्हातारबांनी ते गोधडीवरून ओळखले होते.

दिवसरात्रीतला हा पंधरा-सोळा अंशांचा फरक कशामुळे, ते मुलांना समजावताना आम्हांला आमचे शाळेचे भूगोलाचे पुस्तक आठवले. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाही. बाष्प आणि ढग हे जमिनीवरचे पांघरूण. ते नसले की दिवसा ऊन थेट पोहोचते आणि रात्री जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. वाळू झटकन तापते आणि झटकन निवते. मुंबईत घाम वाळत नाही म्हणून आपण त्रासतो. तिथे घाम येतो ते कळतच नाही, ओठ फुटले की कळते. पाऊस कमी असण्याचे कारणही त्याच पुस्तकात होते. अरबी समुद्रावरून येणारे वारे अरवलीच्या रांगेला समांतर निघून जातात, ती रांग त्यांना अडवत नाही. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे इथवर येईतो रिते झालेले असतात.

देशातला मोसमी पाऊस परत फिरतो तो याच टोकापासून. हवामान खात्याची त्याची रीत अशी : एक सप्टेंबरनंतर पश्चिम राजस्थानात सलग पाच दिवस पाऊस नको, दीडेक किलोमीटर उंचीवरच्या हवेत वारे उलट्या अंगाने फिरू लागलेले हवेत आणि हवेतले बाष्प घटलेले हवे. मग पाऊस परतीला लागला असे जाहीर होते. पूर्वी या परतीची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबर धरत. २०२० साली ती बदलून १७ सप्टेंबर केली. २०१९ मध्ये परती सुरू व्हायला ९ ऑक्टोबर उजाडला होता, २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर. आम्ही गेलो त्या वर्षी, २०२४ मध्ये, २३ सप्टेंबर. पुढच्या वर्षी, २०२५ ला, तो १४ सप्टेंबरलाच निघाला.

वाळवंटात पाऊस जास्त दिवस थांबला तर आनंदच नाही का? आम्हीही तसेच विचारले. म्हातारबांचे थोरले चिरंजीव शेती पाहतात. ते आम्हांला खळ्यावर घेऊन गेले. एका अंगाला बाजरीचे सरमाड रचलेले, दुसऱ्या अंगाला गवारीचा ढीग. त्यांनी मूठभर बाजरी हातावर घेतली. काही दाणे काळपट. जुलैत पहिल्या पावसावर पेरलेली बाजरी ऐंशी-नव्वद दिवसांत, सप्टेंबर सरताना, कापणीला येते. कापून पडलेल्या कणसांवर पाऊस झाला की दाणा काळा पडतो, कधी जागच्या जागी मोड येतात. पूर्वी तोवर आकाश मोकळे झालेले असे. आता कापणी आणि परतीचा पाऊस एकमेकांच्या अंगावर येतात. "पाऊस हवा होता ऑगस्टमध्ये," ते म्हणाले. "उशिरा आलेला पाऊस म्हणजे जेवण झाल्यावर वाढलेली भाकरी." मग दाणे त्यांनी परत राशीत टाकले. काळे असले तरी टाकून कोण देतो?

तिथे मटकीचीही रास होती. आपण घरी मोड आणून उसळ करतो, मिसळीत घालतो, ती मटकी देशात सर्वांत जास्त या राजस्थानच्या वाळूतच पिकते. तिचे वेल जमिनीलगत पसरून वाळू धरून ठेवतात. आमच्या मंडळींनी पाच किलो मटकी मुंबईस नेण्यासाठी बांधून घेतली आणि पैसे द्यायला गेल्या, तर घरात मोठे भांडण झाले. ते भांडण आम्ही हरलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पहिल्याच सकाळी आम्ही चौघांनी नेहमीप्रमाणे आंघोळी उरकल्या. सूनबाईंनी दोन-दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. मुंबईत आमच्या चाळीत पाणी सकाळी दीड तास येते, पिंपे भरण्यासाठी आम्ही पहाटे उठतो, म्हणून पाण्याची किंमत आपल्याला कळते असा आमचा समज. पाणी छान गोड होते. मुलीने केसही धुतले. कोणी काही बोलले नाही.

दुपारी म्हातारबा टांक्याकडे निघाले, आम्हीही मागोमाग गेलो. टांका म्हणजे जमिनीत बांधलेला गोल हौद. वर झाकण, झाकणाला कुलूप. भोवती दहा-पंधरा पावलांपर्यंत जमीन चोपून, टांक्याकडे उतार देऊन केलेली. तिला आगोर म्हणतात. पावसाचे पाणी आगोरावरून वाहत येऊन मोरीतून टांक्यात पडते. आगोरात कोणी चपला घालून जात नाही. म्हातारबांनी कुलूप काढले, दोरीला बांधलेला दगड आत सोडला आणि ओली दोरी वितीने मोजली. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही हिशेबाचे माणूस. मांडा."

खिशातल्या डायरीच्या मागच्या पानावर आम्ही मांडले. टांक्याचे माप पंचवीस हजार लिटर. यंदा चार हिस्से भरला, पाचवा रिकामा, म्हणजे वीस हजार लिटर. घरात म्हातारबा, आजी, थोरले चिरंजीव, सूनबाई, तीन मुले आणि एक विधवा आत्या, अशी आठ माणसे. पिण्याला आणि रांधायला माणशी दहा लिटर धरले तर दिवसाचे ऐंशी. अडीचशे दिवस पुरेल. २८ ऑक्टोबरपासून अडीचशे दिवस म्हणजे ५ जुलै. मोसमी पाऊस या कोपऱ्यात पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ८ जुलै. आम्ही खूश होऊन सांगितले, जवळपास जमते आहे!

म्हातारबा म्हणाले, "आणि बकऱ्या?"

चार बकऱ्या. एकीला पाच लिटर धरले तर रोजचे वीस. एकूण शंभर. आता दोनशेच दिवस. आम्ही बोटांवर महिने मोजले. १६ मे २०२५. त्यापुढे पाऊस येईपर्यंत जवळजवळ आठ आठवडे, आणि तेही वर्षातले सर्वांत कडक. याच भागातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. नळाची योजना गावात आली आहे, उभा नळही आहे, त्याला पाणी येते तेव्हा येते. नाहीतर टँकर विकत घ्यायचा.

तेव्हा लक्षात आले की, मोबाईलवरचे दहा पिवळे सूर्य निरर्थक नव्हते. त्यांचा अर्थ हा की, जमेची बाजू बंद झाली. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर एखादी झड येते, तिला मावठ म्हणतात. तिच्याने गव्हा-मोहरीला जीव येतो, टांका भरत नाही. शिवाय ज्याने जिरे पेरले आहे तो आकाशाला हात जोडत असतो की ढग नकोत, कारण ढगाळ दमट हवेत जिऱ्यावर रोग पडतो. म्हणजे टांक्याच्या खात्यावर जुलैपर्यंत फक्त खर्च. आपले आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते, त्यांचे पाऊस परत फिरल्यावर संपते.

डायरी बंद करता करता आम्हांला सकाळची आंघोळ आठवली. चौघांच्या आठ बादल्या. पंधरा लिटरची बादली धरली तर एकशेवीस लिटर. त्या घराचा, बकऱ्यांसकट, एका दिवसाचा सगळा खर्च शंभर. घरची मंडळी आंघोळ आणि धुणे गावच्या तळ्यावर आटोपत होती. तिकडे तळ्याला नाडी म्हणतात आणि ऑक्टोबरात तिच्यात अजून गढूळ पाणी असते. पाहुण्यांसाठी म्हणून सूनबाईंनी कुलूप काढून टांक्याचे गोड पाणी दिले होते. आम्ही काही बोलणार तो म्हातारबा झाकण लावीत म्हणाले, "पाहुणा काय रोज येतो?" आमच्या मंडळींना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पुढचे दोन दिवस आम्ही नाडीवर गेलो. मुलांनी कुरकूर केली नाही.

रात्री आजी बोलत्या झाल्या. त्यांच्या लहानपणी ढाणीत टांका नव्हता. बेरी होती, पण आपल्या लोकांनी तिथे दोर टाकायचा नाही. बाया घडे घेऊन बसून राहायच्या. वरच्या घरचे कोणी आले आणि मन झाले तर वरून ओतायचे. पाऊस चांगला झाला की वाईट, हे त्यांना टांक्यावरून नव्हे, त्या ओतणाऱ्याच्या हातावरून कळे. कमी पावसाच्या वर्षी हात आखडे. हे ऐकताना आमच्या घरच्यांनी आमच्याकडे पाहिले. २० मार्च १९२७ चे चवदार तळे आपल्या घरात पाळण्यापासून सांगितले जाते. आजींनी महाडचे नाव ऐकले नव्हते. आम्ही त्यांना ते सांगितले, आमच्या मोडक्या हिंदीत, आणि सहकाऱ्यांनी मारवाडीत. त्यांनी एकच विचारले, "मग नंतर पाणी मिळाले का?" आम्ही सांगितले की, त्या तळ्याचा खटला चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तो आपल्या बाजूने लागला. "दहा वर्षे," त्या म्हणाल्या आणि मान हलवली.

१९८७ च्या दुष्काळात त्या दुष्काळी कामावर माती उपसायला होत्या. मजुरीत गहू मिळे. राजस्थानात १९६४ चा एक कायदा होता, त्यान्वये दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान वेतनाचे नियम लागू नव्हते. उपाशी माणसाला काम देतो हेच उपकार, असा त्यामागचा विचार. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय खटल्यात तो मोडीत काढला. किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली वेठ होय, असे न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले. आपल्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाचा. म्हातारबांच्या अंगणातला हा टांका त्या २००५ च्या कायद्याखालीच बांधला गेला. स्वतःच्या जमिनीत, स्वतः खणून, वर त्याची मजुरीही घेऊन. झाकणाला कुलूप का, असे आमच्या मुलाने विचारले होते. आजी म्हणाल्या, "चोरासाठी नाही. किल्ली आपल्याकडे आहे हे वाटावे म्हणून." आणि कमरेची किल्ली दाखवली.

टांक्याला जपावे लागते ते आणखी एका कारणाने. १९९४ साली पाऊस भरपूर झाला आणि त्या शरदात पश्चिम राजस्थानात हिवतापाची मोठी साथ आली. पाऊस सरल्यावर ना कडक ऊन ना कडक थंडी, साचलेली डबकी जागोजाग, असे ते दोन महिने डासाला मानवतात. हिवतापाचा डास टांक्यातही अंडी घालतो. म्हणून झाकण घट्ट हवे आणि पाणी गाळूनच घ्यावे. चांगल्या पावसाच्या वर्षी ताप, वाईट पावसाच्या वर्षी तहान, असे आजींचे म्हणणे.

निघण्याच्या दिवशी तलाठी, तिकडचे पटवारी, येऊन गेल्याची चर्चा होती. आपल्याकडे पैसेवारी लावतात तशी तिथे गिरदावरी होते. शेतात काय पेरले, किती बुडाले याची नोंद. २०१५ पासून नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असले तर मदत मिळू शकते, त्याआधी ५० टक्के लागत. काळी पडलेली बाजरी या टक्क्यांत बसते की नाही यावर खळ्यात वाद चालला होता. आम्ही कारकून असल्याने आमचे मत विचारले गेले. आम्ही अर्ज लिहून दिला. एवढेच आमच्या हाताने झाले.

मुंबईस आल्यावर कचेरीतल्या टेबलावरच्या नव्या कॅलेंडरात आम्ही १६ मेला गोल करून ठेवला. तो दिवस उजाडला तेव्हा सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "टांक्यात अजून दोन वीत आहे. मार्चमध्ये दोन बकऱ्या विकल्या." आम्ही मांडलेल्या हिशेबात ही नोंद आम्हांला सुचली नव्हती.

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला, २९ जूनला त्याने सारा देश व्यापला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा टेबलापाशी गेलो. "भरला का टांका?"

"पहिल्या पावसाचे पाणी आत घेत नाहीत," ते म्हणाले. "मोरीला बोळा लावतात. त्या पाण्याने आगोर धुऊन निघतो, माती-लेंड्या वाहून जातात. दुसऱ्या पावसाला बोळा काढला."

"मग आता किती आहे?"

"मोजले नाही. बा म्हणाले, ऑक्टोबरात मोजू."